मिसेस म्हणजे कोण?

(वर्धापनदिनापूर्वीच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी बोलायला उभी राहिले आहे खरी, पण पाय लटपटत आहेत हे आधीच सांगून टाकते. मागच्या महिन्यात चिटणीसबाईंनी विचारले, "पुढच्या सभेत पंधरा मिनिटं तुम्ही बोलाल का?" मी तेव्हा मेथी निवडत बसले होते. जुडी मोठी होती, लक्ष तिकडे होते, आणि तोंडातून हो निघून गेले. आता मागे फिरता येत नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पाटी लावून लावून वाचते, इंग्रजी पुस्तक मात्र वाचता येत नाही. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते माझे ज्ञान नव्हे. माझी धाकटी कॉलेजात इंग्रजी विषय घेऊन शिकते. तिने पंधरा दिवस, मी पोळ्या लाटत असताना, ओट्याशी उभे राहून एकेक गोष्ट वाचली आणि मराठीत समजावून दिली. मला पटले नाही तिथे मी तिला पुन्हा वाचायला लावले. तिची परीक्षा तोंडावर आहे, त्यात काही कमीजास्त झाले तर त्याचे पाप माझ्या माथी.

विषय एकाच शब्दाचा आहे. तो शब्द इंग्रजी, आणि तोही तोडून आखूड केलेला. पण आपल्या पेठेतल्या एकाही घरात तो ठाऊक नाही असे होणार नाही. शब्द आहे 'मिसेस'.

दारावर नवा माणूस आला की विचारतो, "मिसेस आहेत का घरात?" लग्नाच्या पंगतीत पुरुष ओळख करून देतात, "ही माझी मिसेस." आणि आपण बायका त्याच चालीवर म्हणतो, "आमचे मिस्टर बाहेरगावी गेलेत." माझी मुलगी म्हणते की इंग्लंडात साधी कष्टकरी माणसे बायकोला 'द मिसेस' म्हणतात, त्यामुळे आपल्या पुरुषांचे फारसे चुकत नाही. पण 'माझे मिस्टर' हे मात्र आपलेच. ते का झाले असावे, हे सांगायला मला कुठल्या पुस्तकाची गरज नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही आपली शिकवण. आपल्या आज्या 'इकडची स्वारी' म्हणत, आया 'हे' म्हणत, कुणी 'यजमान', कुणी 'घरचे' म्हणत. 'हे' म्हटले की समोरचीने विचारावे, हे म्हणजे कोण? तेवढ्यात हा परका शब्द हाताशी आला. नाव तर घ्यावे लागत नाही, आणि कोणाविषयी बोलतो ते स्पष्ट कळते. नाव न घेण्याची ही सोय आपण साहेबाच्या भाषेतून उसनी आणली, आणि साहेबाला त्याचा पत्ताही नाही!

पण मी या शब्दाच्या मागे का लागले, ते आधी सांगते, कारण ते सांगितल्यावाचून बाकीचे नुसते पोपटासारखे बोलणे होईल.

आपल्या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी असते. माझे अक्षर बरे आहे म्हणून मुद्रिते तपासायचे काम यंदा माझ्याकडे आले. छापखान्याने गेल्या वर्षीचीच यादी पुढे चालवून पाठवली होती. मी पेन्सिल घेऊन एकेक नाव तपासत गेले. कुठे काना राहिलेला, कुठे अनुस्वार उडालेला. अशी जाता जाता एका नावापाशी थांबले. शिवणवर्गाच्या ताईंचे नाव. त्यांच्या नावापुढे, गेल्या वर्षीप्रमाणेच, 'सौ.' छापले होते.

दिवाळीच्या आधी त्यांच्या घरी काय झाले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपण सगळ्या गेलो होतो. त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सर्व मी त्यांना विचारून, त्यांनी "खुशाल सांग" म्हटल्यावरच सांगते आहे.

एक अक्षर आणि पुढे एक टिंब. ते खोडायला किती वेळ लागावा? माझ्याच्याने ते खोडवेना. खोडले तर त्या जागी काय लिहायचे? 'श्रीमती' लिहावे, तर वर सगळ्या सौ., खाली सगळ्या सौ. आणि मध्ये ही एकटी श्रीमती. यादी वाचणाऱ्या परक्या माणसालाही तिच्या घरचे सगळे कळणार. वास्तविक श्रीमती हा शब्द कोणाही बाईला लावावा इतका चांगला, पण आपण तो वापरून वापरून एकाच अर्थाचा करून ठेवला आहे. दुसरे जुन्या रीतीचे 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी. ते तर माझ्या हातून उमटणेच शक्य नव्हते.

त्याला कारण आहे. माझी सातवीची परीक्षा झाली त्याच उन्हाळ्यात माझे वडील वारले. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. पंधरा-वीस दिवसांनी आईच्या नावाचे पहिले पत्र आले, एका नात्यातल्या माणसाचे, सांत्वनाचेच. आईला वाचता येत नसे. तिने पाकीट माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "वर काय लिहिलंय ते आधी वाच." वर लिहिले होते गं. भा., आणि मग तिचे नाव. मी नुसते नाव वाचले. ती म्हणाली, "नावाच्या आधी काही नाही?" मी म्हटले, "नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले ठरवून केलेले खोटे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याने मान दिला म्हणूनच लिहिले असेल. पण ती दोन अक्षरे मी आजवर कोणाच्या नावापुढे लिहिली नाहीत.

तर मुद्रिते तशीच टेबलावर पडून राहिली. मुलीने पाहिले आणि म्हणाली, "आई, इंग्रजांच्या बायकांनी यावर मोठं भांडण केलं आहे. मिसेस हा शब्द पूर्वी लग्नाचा नव्हताच मुळी." मी लाटणे खाली ठेवले. म्हटले, "लग्नाचा नव्हता? मग कशाचा?"

तिने सांगितले ते असे. मिसेस असे आपण बोलतो, पण लिहिताना इंग्रजीत तीनच अक्षरे लिहितात, एम, आर आणि एस. अमेरिकेत पुढे टिंब देतात, विलायतेत हल्ली देत नाहीत. आता मिसेस या उच्चारात 'र' कुठे आहे? तो आला तो मूळ शब्दातून. मूळ शब्द 'मिस्ट्रेस'. तो इंग्रजांनी घेतला फ्रेंचांकडून, आणि फ्रेंचांचा आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'मॅजिस्टर' म्हणजे वरचा, मोठा, शिकवणारा. त्याचेच इंग्रजीत मास्टर झाले, मास्टरचे घाईघाईत मिस्टर झाले. मास्टर पुरुष, तर मिस्ट्रेस बाई. म्हणजे घराची धनीण. हाताखाली नोकरमाणसे असलेली, किल्ल्या कमरेला असलेली, जिच्या शब्दावर घर चालते ती.

इथे मला फार गंमत वाटली ती एका निराळ्याच गोष्टीची. गोव्याकडून पोर्तुगीज आले, त्यांच्या भाषेत याच मॅजिस्टरचे 'मेस्त्रे' झाले होते. त्यावरून आपला मेस्त्री, मिस्त्री. म्हणजे शाळेतले मास्तर, भिंत बांधणारा मिस्त्री, कचेरीतला मॅजिस्ट्रेट, आमचे मिस्टर आणि मी मिसेस, ही सगळी एकाच आजोबांची नातवंडे! मी हे रात्री जेवताना आमच्या घरी सांगितले, तर हे म्हणाले, "मग नळ गळतोय तो मिस्त्री म्हणून तूच बघ."

असो. तर सुमारे तीनशे वर्षांपूर्वीपर्यंत विलायतेत मिसेस लिहायचे ते बाई लग्नाची आहे की बिनलग्नाची हे पाहून नव्हे. तिची पायरी पाहून. प्रतिष्ठित घरची असो, स्वतःचे दुकान चालवणारी असो, शाळा चालवणारी असो, ती मिसेस. मोठ्या वाड्यांतून कोठीघर सांभाळणारी मुख्य बाई आणि मुख्य स्वयंपाकीण यांनाही मिसेस म्हणायची रीत होती, मग त्यांनी जन्मात लग्न केलेले नसो. ही रीत तर पुढेही फार वर्षे टिकली. आणि गरीब घरची मोलकरीण, चार लेकरांची आई असली तरी तिला कोणी मिसेस म्हणत नसे. तिला नुसती नावाने हाक. तेव्हा जुन्या काळी सारे काही बरे होते असे समजू नका. तेव्हा कुंकू पाहत नव्हते, पण पैसा पाहत होते.

इंग्रजीचा मोठा कोश करणारे डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन म्हणून एक पंडित होऊन गेले. त्यांचा कोश १७५५ साली निघाला. त्यात मिस्ट्रेस शब्दाचे अर्थ दिले आहेत. सत्ता चालवणारी बाई, एखाद्या कामात निपुण असलेली बाई, शिकवणारी बाई, जिच्यावर कोणाचे मन बसले आहे ती बाई. त्याखाली तुच्छतेने हाक मारताना वापरायचा शब्द, आणि शेवटी ठेवलेली बाई. सहा अर्थ झाले. त्यांत 'लग्न झालेली बाई' हा अर्थ कुठेही नाही! मी मुलीला ते तीनदा वाचायला लावले. नाही म्हणजे नाही.

याच जॉन्सनसाहेबांच्या ओळखीच्या एक एलिझाबेथ कार्टर नावाच्या विदुषी होत्या. त्यांनी एपिक्टेटस या जुन्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचा ग्रंथ इंग्रजीत आणला, तो १७५८ साली छापला गेला. त्यांनी लग्न केले नाही, आणि सारे लोक त्यांना मिसेस कार्टर म्हणत. जॉन्सनसाहेब त्यांचे कौतुक करताना म्हणत की, यांना एपिक्टेटसचे भाषांतर जितके चांगले येते तितकेच पुडिंगही करता येते. आता आपल्यातल्या कोणी पुरुषाविषयी असे बोलते का, की यांना वकिलीही येते आणि भाकरीही थापता येते? पण ते असो. हॅना मोर म्हणून आणखी एक लेखिका होत्या, शाळा काढणाऱ्या. त्याही अविवाहित, आणि त्याही मिसेस मोर.

म्हणण्याची घाई होतीच. १७९१ साली जॉन वॉकर यांनी उच्चारांचा कोश केला, त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की नावापुढे हा शब्द लावताना पुरता मिस्ट्रेस असा उच्चार कोणी केला तर ते फार पंडिती दिसेल, सर्वजण मिसिसच म्हणतात. आपण नाही का अहो आईचे 'अहोई' करून टाकत, तसेच.

मग 'मिस' कुठून आली? तीही त्याच मिस्ट्रेसचा तुकडा. पण तिची सुरुवात चांगली नव्हती. जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थांनी आपल्या रोजनिशीत १६६२ साली लिहून ठेवले आहे की, हल्ली वाईट चालीच्या बायांना मिस म्हणू लागले आहेत. दुसरीकडे लहान मुलींनाही मिस म्हणत. पुढच्या शतकात मोठ्या घरच्या उपवर मुलींना तो शब्द लागू लागला, आणि हळूहळू सर्वच अविवाहित बायकांना. एकदा मिस म्हणजे बिनलग्नाची असे ठरले की मिसेस म्हणजे लग्नाची असे आपोआप होते. एका शब्दाची दोन शकले झाली आणि मधून लग्नाची रेघ ओढली गेली. मिस्टरची मात्र शकले झाली नाहीत. पुरुष ब्रह्मचारी असो, संसारी असो, बिजवर असो, मिस्टर तो मिस्टरच. आपल्याकडेही पाहा, श्री. किंवा रा. रा. लिहिले म्हणजे त्याची बायको आहे की गेली हे कोणाला कळते?

आपल्या मुलांच्या शाळेत बाईंना 'मिस' म्हणतात ना, त्यांची दोन मुले त्याच शाळेत असली तरी! विलायतेतही तसेच आहे म्हणे. शाळेतल्या बाई लग्न करून आल्या तरी मुलांसाठी त्या मिसच.

पुढची पायरी आणखी वाईट. मिसेसपुढे बाईचे नाव तरी होते, तेही गेले आणि तिथे नवऱ्याचे पूर्ण नाव आले. जेन ऑस्टिन या लेखिकेची १८११ साली निघालेली एक कादंबरी आहे, तिच्यात मिसेस जॉन डॅशवूड नावाची बाई आहे. जॉन हे तिच्या नवऱ्याचे नाव. ही रीत तेव्हा नवीनच होती. पुढे ती इतकी रुळली की बाईचे स्वतःचे नाव पत्रावर, दारावर, कुठेच दिसेना. आणि ही नुसती नावाची गोष्ट नव्हती. त्या काळी इंग्रजी कायद्याने लग्न झालेल्या बाईची मिळकत तिची राहतच नसे. तिच्या मजुरीचे पैसेसुद्धा नवऱ्याचे. १८७० आणि १८८२ साली कायदे झाले तेव्हा कुठे बाईला स्वतःच्या नावावर काही ठेवता येऊ लागले. माहेरून मिळालेल्या स्त्रीधनावर आपल्याकडे जुन्या शास्त्रांनीही बाईचाच हक्क सांगितला होता, हे ऐकून साहेबाच्या पुढारलेपणाविषयी माझी समजूत थोडी हलली. अर्थात आपल्याकडे ते स्त्रीधन पुढे कुठे जाते, हे आपण सर्वजणी जाणतोच.

अमेरिकेत ल्यूसी स्टोन म्हणून एक बाई झाल्या. गुलामगिरीविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी व्याख्याने देत फिरत. १८५५ साली त्यांनी हेन्री ब्लॅकवेल यांच्याशी लग्न केले आणि स्वतःचे नाव बदलायचे नाही असे ठरवले. नवऱ्याचीही संमती होती. पुढे १८७९ साली त्यांच्या राज्यात बायकांना शाळासमितीच्या निवडणुकीपुरता मताचा अधिकार मिळाला. ल्यूसीबाई नाव नोंदवायला गेल्या. तिथे सांगितले, नवऱ्याचे आडनाव लावा, नाहीतर नाव यादीतून काढू. ज्या मतासाठी बाईने आयुष्यभर घसा कोरडा केला, ते मत दारात उभे होते. तरीही त्यांनी आडनाव लावले नाही, आणि मत दिले नाही.

हे ऐकताना माझी पोळी करपली. खरे सांगते, मी त्या जागी असते तर आडनाव लावून मोकळी झाले असते. माझे तर पहिले नावही बदलले आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले, पेढे वाटले, मी हसतच होते. आज माहेरच्या गावातल्या जुन्या बाई भेटल्या आणि त्यांनी जुन्या नावाने हाक मारली की मला मागे वळून पाहायला क्षणभर लागतो. ते नाव ज्या मुलीचे होते ती सातवीत दुसरी आली होती. एवढेच.

आता या गोष्टीचा शेवटचा भाग. मिस म्हणावे की मिसेस, हे न कळल्याने इंग्रजी लिहिणारांची पंचाईत होऊ लागली. तेव्हा अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या एका वर्तमानपत्राने १० नोव्हेंबर १९०१ च्या अंकात सुचवले की, दोघींना चालेल असा एक तिसरा शब्द करावा. लिहायला एम आणि एस ही दोनच अक्षरे, आणि म्हणायचे 'मिझ'. युक्ती चांगली होती, पण कोणी फारसे मनावर घेतले नाही. नंतर साठ वर्षे गेली. १९६१ च्या सुमारास शीला मायकेल्स नावाच्या एका तरुण मुलीने, तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला टपालाने आलेल्या अंकाच्या पत्त्यावर ही दोन अक्षरे पाहिली. तिला वाटले छापण्यात चूक झाली. मग तिच्या मनात आले, की ही चूक नसेल तर किती बरे! आपण बापाच्याही नाही आणि नवऱ्याच्याही नाही, आपल्या आपण आहोत, हे सांगणारा शब्द ती शोधतच होती. तिने तो धरून ठेवला. बरीच वर्षे कोणी ऐकले नाही. शेवटी १९६९ च्या सुमारास रेडिओवरच्या एका मुलाखतीत ती त्याविषयी बोलली, आणि ते पुढे अशा कानांपर्यंत पोचले की १९७१ च्या डिसेंबरात ग्लोरिया स्टायनेम वगैरे बायकांनी मासिक काढले तेव्हा त्याचे नावच ते ठेवले, 'मिझ'. आधी दुसऱ्या एका मासिकाला जोडून, आणि १९७२ पासून स्वतंत्र.

सर्वांत कडक होते ते न्यूयॉर्क टाइम्स हे वर्तमानपत्र. त्यांनी मिझ छापायचे नाही असे ठरवले होते. १९८४ साली जेराल्डिन फेरारो या बाई अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. फेरारो हे त्यांचे माहेरचे आडनाव, नवऱ्याचे आडनाव झकारो. आता छापायचे काय? मिस फेरारो म्हणावे तर लग्न झालेले. मिसेस फेरारो म्हणावे तर ती त्यांची आई! मिसेस झकारो म्हणावे तर त्या नावाने त्यांना कोणी ओळखत नाही. एवढे मोठे वर्तमानपत्र, पण माझ्यासारखीच पेन्सिल हातात धरून बसले असेल. त्यांनी मिसेस फेरारोच छापले. पुढे दोन वर्षांनी, २० जून १९८६ रोजी, त्यांनी मिझला जागा दिली.

आपल्याकडे हे वारे नाही असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात सरकारने तो कित्ता इतर गावांपुढेही ठेवला. एप्रिल २०२३ मध्ये मात्र उलटा विचार पुढे आला. विधवा म्हणण्याऐवजी सरकारदरबारी गंगाभागीरथी म्हणावे असा. त्यावर इतकी टीका झाली, की हा निर्णय नव्हे, चर्चेसाठी मांडलेला विचार आहे असे सांगावे लागले. मी त्या दिवशी ते वाचले तेव्हा आईच्या पाकिटाची आठवण झाली. आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात, कागदोपत्री, बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे असे झाले. उद्या आपल्या नातवंडांच्या दाखल्यांवर आपल्या सुना आणि लेकी दिसतील.

हे सर्व ऐकून झाल्यावर मी मुद्रिते पिशवीत घातली आणि शिवणाच्या ताईंच्या घरी गेले. चार दिवस जे मनात घोळवत होते ते त्यांना सरळ विचारावे, हे मला इंग्रजांचा सगळा इतिहास ऐकेपर्यंत सुचले नव्हते. त्या मशीनवर होत्या. मी भीतभीत विचारले, "ताई, यादीत तुमचं नाव कसं छापू?" त्यांनी पायडलवरचा पाय काढला नाही. म्हणाल्या, "सौ. तरी मी कधी कोणाला मागितलं होतं? तुम्हीच लावलंत, तुम्हीच काढा. माझं नाव आणि आडनाव लिही. चोवीस वर्षं शिवण शिकवतेय, हवं तर ते लिही. आणि माझ्या आडनावातली वेलांटी दर साली ऱ्हस्व छापता, ती यंदा तरी दीर्घ कर. ती मला खरी सलते."

मी तिथेच वेलांटी दुरुस्त केली. परत येताना मनात आले, कामात निपुण असलेली बाई आणि शिकवणारी बाई, हे जॉन्सनसाहेबांचे दोन्ही अर्थ तर त्या मशीनवर बसले होते.

मग मी आणखी चारपाच घरी गेले. आपल्या वाचनालय सांभाळणाऱ्या भगिनी म्हणाल्या, "मला बावन्नावं लागलं, अजून कु. छापता. परकर-पोलक्यात उभी असल्यासारखं वाटतं." पण आपल्या सर्वांत वडील सभासद, आजी, त्यांनी मला चांगलेच फटकारले. म्हणाल्या, "माझ्या सौ. ला हात लावू नकोस. गेल्या वर्षी दोन महिने दवाखान्याच्या बाकावर बसून राखलंय मी ते." मी काय बोलणार? मलाही माझे सौ. आवडते, हे लपवत नाही. लग्नपत्रिकेवर दिसले की बरे वाटते. आपल्याला बरे वाटते तेच शेजारणीला टोचते, ही अडचण सगळी आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत दोन मते पडली. एक, सगळ्यांचीच सौ., श्रीमती, कु. काढून नुसती नावे छापावी. दुसरे, चालत आले तसे चालू द्यावे. बराच वाद झाला, चहा दोनदा झाला. शेवटी असे ठरले, की जिचे तिने लिहावे.

म्हणून सभासदांची यादी, नावापुढची जागा कोरी ठेवून, दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. आपापल्या नावापुढे जिला जे हवे ते तिने स्वतःच्या हाताने लिहावे, काही नको असेल तर रेघ मारावी. आईचे नाव घालायचे असेल तर तेही चालेल, पण अक्षर सुवाच्य काढा. लिहिता येत नाही अशा दोघी-तिघी आहेत, त्यांनी मला कानात सांगावे, मी लिहीन, आणि सांगतील तेवढेच लिहीन. शेजारणीसाठी कोणी लिहू नये. पेन्सिल टेबलाला दोरीने बांधली आहे, कारण मागच्या सभेत दोन गेल्या. छापखान्याला सोमवारी सकाळी यादी द्यायची आहे.